बिडाचा तवा की कोळशाची जाळी: तापमान मोजायला गन घ्यावी की वायर?

थंडी पडली (ठाण्यात पडते तेवढी) की घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर शनिवारी शेगडी पेटते, आणि दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "ती लाल ठिपक्याची गन घेऊ का रे?" मी उलट विचारतो, भाजणार कशावर? तव्यावर असेल तर डोळे मिटून विकत घ्या. जाळीवर असेल तर जरा थांबा.

गन म्हणजे इन्फ्रारेड थर्मामीटर. वागळे इस्टेटमध्ये मेंटेनन्सला असलेला माझा एक मित्र हीच गन मोटारीची बेअरिंग तपासायला वापरतो. ट्रिगर दाबला की सेकंदाच्या आत आकडा. तो लाल ठिपका काहीच मोजत नाही, फक्त नेम दाखवतो. मोजणी होते ती पृष्ठभागातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या किरणांची, आणि तीही ठिपक्याभोवतीच्या एका वर्तुळातली. खोक्यावर १२:१ लिहिलं असेल तर १२ इंचांवरून १ इंचाचं वर्तुळ. मीटरभर लांब उभं राहून मोजलं तर ते वर्तुळ ८ सेंटीमीटरच्या पुढे जातं, मग तव्याचा काठ, खालची ज्योत, सगळंच त्या आकड्यात शिरतं.

खरी फसगत चकचकीत भांड्यात. साध्या गनमध्ये एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग उष्णतेची किरणं किती सोडतो त्याचा आकडा, ०.९५ वर पक्की केलेली असते. मुरलेला बिडाचा काळा तवा या आकड्याच्या जवळपास बसतो, नॉनस्टिकही बसतं. पण कोरं स्टील किंवा घासून लख्ख केलेलं ॲल्युमिनियम किरणं सोडतं कमी आणि आजूबाजूची परतवतं जास्त. मागच्या डिसेंबरात नवी स्टीलची प्लेट शेगडीवर ठेवली, गन म्हणाली ९६ अंश. आई शेजारी खुर्चीत. "अरे, शिंतोडा मार आधी, मशीन नंतर बघ." मारला. थेंब मोत्यासारखे गोल होऊन प्लेटभर पळायला लागले. हे नुसत्या गरम लोखंडावर होत नाही, पृष्ठभाग साधारण २०० अंशांकडे गेला की थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब तिच्यावर तरंगतो. म्हणजे गन निदान शंभर अंशांनी चुकली होती. प्लेटला तेलाचा हात फिरवला तर आकडा बराच वर आला. स्टीलवर मोजायचंच असेल तर एमिसिव्हिटी बदलता येणारी गन घ्या, थोडी महाग पडते.

मग शिंतोडाच का नको? चालतो की, फुकट आहे. फक्त तो "इतकं तरी तापलंय" एवढंच सांगतो. थेंब २०० ला नाचतो आणि ३०० लाही तसाच नाचतो. रवा लावलेल्या सुरमईला १८० ते २०० पुष्कळ झालं. २८० वर रवा काळा पडतो आणि काट्याजवळ मांस कच्चं राहतं. रिफाइंड शेंगदाणा तेलही २३० च्या आसपास धुरकटायला लागतं. नॉनस्टिकला २६० च्या पुढे नेऊच नये आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा तिथे बघता बघता पोचतो. ही वरची बाजू गनशिवाय कळत नाही.

आता जाळी. इथे गन जवळजवळ निरुपयोगी. सळ्या बोटाहून बारीक, मधल्या फटींतून खालचे निखारे दिसतात, तेही ६००-७०० अंशांचे. मी एकाच जागी तीनदा ट्रिगर दाबला: ३१०, ४५०, आणि तिसऱ्यांदा आकड्याऐवजी नुसतं 'एचआय' (म्हणजे 'हाय', गनच्या मोजमापाबाहेर). चिकनची चरबी गळून धूर उठला की आणखी गोंधळ.

जाळीला वायरच हवी, म्हणजे के-टाइप थर्मोकपल. दोन वेगळे धातू टोकाला जोडलेला बारीक मणी. तो तापला की अंशामागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट निर्माण होतात आणि मीटर त्याचे अंश करून दाखवतो. चकाकीशी त्याला देणंघेणं नाही, पण तो टेकलेला मात्र हवा. सळीच्या वरच्या बाजूला बारीक तारेने घट्ट बांधा. खालून बांधलात तर निखाऱ्यांची धग थेट मण्याला लागते आणि आकडा फुगतो. तव्यावर उलटा प्रकार: मणी एका बिंदूवर टेकतो, बाकीचा हवेत, म्हणून आकडा कमी येतो. घेताना वेष्टन बघा. माझी पहिली वायर प्लास्टिकच्या आवरणाची होती. पहिल्याच शनिवारी ती जाळीला चिकटली आणि पनीरला दोन आठवडे वास येत राहिला. चूक माझीच. ग्लास फायबरचं विणलेलं वेष्टन मागा. मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलात तर हातात घेऊन बघता येते.

झाकणावरच्या गोल डायलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तो झाकणाखालची हवा मोजतो, जाळी नव्हे. झाकून अख्खी कोंबडी भाजताना उपयोगी. जाळीवर १२-१३ सेंटीमीटर उंचीवर तळहात धरून दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर धग कडक, चार-पाच सेकंद निभावला तर मध्यम. टिक्क्यासाठी मी आजही हेच करतो, वायर बांधतो ती नवी जाळी किंवा नवा कोळसा असेल तेव्हाच.

एकच घ्यायचं असेल आणि घरात थालीपीठ, भाकरी, मासे, डोसे हेच जास्त होत असेल, तर गन. वर्षभर वापराल. फक्त कोरोनात घेतलेली कपाळाची गन काढून बसू नका, ती ४३ च्या आतच संपते.

आणली त्याच दिवशी तपासा. वाडग्यात भरपूर बर्फ, थोडं पाणी, ढवळून गन जवळून धरा. शून्याच्या आसपास यायला हवं. वायर उकळत्या पाण्यात बुडवा. आपण समुद्रसपाटीलाच आहोत, १०० यायला हवेत. तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक दिसला तर खोकं टाकायच्या आधी परत करा.