स्विमिंग पूल साफ करण्याच्या नावाखाली किलोकिलोने केलेली लूट

परसातल्या पोहण्याच्या पुलाचे हिरवे पाणी साफ करायला आलेल्या ठेकेदाराच्या मंडळींनी दिलेल्या पावतीवरचा माल असा: ‘शॉक’ पावडर 5 किलो, क्लोरीनच्या गोळ्या 5 किलो, फॉस्फेट रिमूव्हर 2 लिटर, निळे शेवाळनाशक 1 लिटर, क्लॅरिफायर 2 लिटर, ‘अल्कलिनिटी प्लस’ 3 किलो आणि फिल्टरमध्ये नवी वाळू 150 किलो. 60 टक्के पैसे काम सुरू होण्याआधी. उरलेले 40 टक्के एकाच अटीवर: पाण्याचा हिरवा रंग गेला पाहिजे.

ही अट पुन्हा वाचा. ‘पाणी स्वच्छ झाले पाहिजे’ असे त्यात कुठेही नाही. शेवाळ मेले की पाणी हिरव्याचे पांढुरके गढूळ होते आणि तेवढ्यावर त्यांचे पैसे देय होतात. मेलेल्या शेवाळाची पूड इतकी बारीक असते की वाळूच्या फिल्टरमधून पहिल्या काही फेऱ्यांत ती पार निघून जाते. खरे काम तिथूनच सुरू होते, आणि ही मंडळी नेमकी तिथे हात झटकतात. कोणाशीही ठरवताना अट अशी लिहून घ्या: सर्वांत खोल भागातली तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर पूल पोहण्यालायक नाही, कारण तळाशी गेलेला माणूसही दिसणार नाही.

पूल 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, सरासरी 1.4 मीटर खोल. म्हणजे 45,000 लिटर पाणी. हा आकडा त्यांनी एकदाही विचारला नाही, मोजपट्टी काढली नाही. लिटर माहीत नसताना किलो ठरवणारा माणूस दाराबाहेरच थांबवायला हवा.

आता हिशेब. 45,000 लिटरमध्ये क्लोरीन 1 पीपीएमने (दहा लाख भागांत एक भाग) वाढवायला शुद्ध क्लोरीन 45 ग्रॅम लागते. ‘शॉक’ म्हणून आणलेली पावडर होती डायक्लोर, म्हणजे 56 टक्के क्लोरीन. 5 किलो एकदम ओतल्यावर पाण्यात 62 पीपीएम क्लोरीन गेले. सुरुवातीला स्टॅबिलायझर, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून जपणारे पण त्याचा जोर कमी करणारे सायन्यूरिक अ‍ॅसिड, 40 पीपीएम होते. 40 ला शेवाळ मारायची क्लोरीनची पातळी 16 पीपीएम (स्टॅबिलायझरच्या साधारण 40 टक्के). त्यासाठी 10 टक्क्यांचे लिक्विड क्लोरीन 7.2 लिटर, किंवा 65 टक्क्यांची कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडर 1.1 किलो पुरते. मग शेवाळ क्लोरीन खात राहते तसतशी दिवसातून दोन-तीन वेळा मोजून भर घालायची. बस. पावतीवरच्या बाकीच्या ओळींची गरजच नव्हती.

पण डायक्लोर आणि गोळ्यांमधले ट्रायक्लोर क्लोरीनबरोबर स्टॅबिलायझरही पाण्यात सोडतात, आणि लूट नेमकी इथे होते. डायक्लोरने 10 पीपीएम क्लोरीन दिले की 9 पीपीएम स्टॅबिलायझर वाढते, ट्रायक्लोरने 6. क्लोरीन उन्हात उडते, शेवाळ त्याला खाते; स्टॅबिलायझर मात्र तिथेच साचत राहते. 5 किलो डायक्लोरचे 56 आणि 5 किलो गोळ्यांचे सुमारे 60, आधीचे 40 धरून स्टॅबिलायझर 155 च्या पुढे गेले. त्या पातळीला शेवाळ मारायचे तर क्लोरीन 60 पीपीएमच्या वर धरून ठेवावे लागते, जे परसातल्या पुलात व्यवहारात जमत नाही. ज्या औषधाने पाणी बरे व्हायचे त्यानेच ते औषधाला दाद देईनासे केले, आणि मग पुढच्या प्रत्येक बाटलीसाठी कारण तयार झाले.

फसवणूक ओळखायचा क्षण होता तो टेस्ट किटचा. पावडर ओतून पाणी फिरवल्यावर त्यांनी काचेच्या नळीत पाणी घेतले, डीपीडीची (क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणारी) गोळी टाकली. पाणी क्षणभर गडद गुलाबी झाले आणि लगेच रंगहीन. “बघा, क्लोरीन शून्य. तुमचं पाणी सगळं खाऊन टाकतंय, अजून माल लागणार.” हे धादांत खोटे होते. क्लोरीन साधारण 10 ते 15 पीपीएमच्या वर गेले की तेच क्लोरीन डीपीडीचा रंग पुसून टाकते. शून्य क्लोरीनच्या पाण्यात गुलाबी झाक उमटतच नाही. उमटून गेलेला रंग म्हणजे क्लोरीन अतोनात आहे. ती एका सेकंदाची गुलाबी छटा सगळ्यांनी पाहिली, आणि तिचा अर्थ नळी धरणाऱ्या एकट्याला ठाऊक होता. किटसोबतच्या कागदावरही हे ठळक छापलेले नसते, त्यामुळे पूल वापरणाऱ्या कुटुंबाने ते ओळखायला हवे होते असे कोणी म्हणत असेल तर ते मान्य नाही. रोज हेच काम करणाऱ्याला हे माहीत असतेच. त्या एका नळीच्या जोरावर गोळ्यांचा 5 किलोचा डबा खपवला गेला.

शंका आली तर तिथल्या तिथे पडताळा घ्या: एक भाग पुलाचे पाणी, नऊ भाग डिस्टिल्ड वॉटर, पुन्हा चाचणी, आणि आकडा गुणिले 10. नळाचे पाणी वापरू नका, त्यात स्वतःचे क्लोरीन असते. थेंब मोजून करायची एफएएस-डीपीडी चाचणी असेल तर उत्तमच, तिच्यात जास्त क्लोरीनही नीट मोजता येते.

स्टॅबिलायझरच्या बाबतीतही तीच लपवाछपवी. पाण्यात बुडवायच्या चाचणीच्या पट्टीवरचा स्टॅबिलायझरचा चौकोन तक्त्यातल्या शेवटच्या रंगाहून गडद जांभळा आला होता. “त्याचा शेवाळाशी संबंध नाही,” असे सांगून पट्टी खिशात गेली. वापरलेली पट्टी कधीही परत नेऊ देऊ नका, तक्त्याशेजारी धरून फोटो काढा. स्टॅबिलायझर मोजायचे ते काळ्या ठिपक्याच्या नळीने: औषध मिसळलेले गढूळ पाणी हळूहळू ओतायचे आणि तळाचा ठिपका दिसेनासा होईल त्या रेषेवरचा आकडा वाचायचा. 100 च्या वर गेले तर नमुन्यात तितकेच नळाचे पाणी मिसळून पुन्हा मोजा आणि आकडा दुप्पट करा.

पुढच्या फेरीत फॉस्फेट आले. ‘फॉस्फेटमुळे शेवाळ जात नाही’ हे वाक्य ऐकले की सावध व्हा. फॉस्फेट शेवाळाचे खाद्य आहे, हे खरे. पण क्लोरीन स्टॅबिलायझरच्या प्रमाणात असेल तर खाद्य असूनही शेवाळ जगत नाही. रिमूव्हरमध्ये लँथेनम असते. ते फॉस्फेटला धरून पांढरी बारीक पूड बनवते आणि पाणी आणखी दुधाळ होते. मग त्या दुधाळपणावर क्लॅरिफायर. क्लॅरिफायरचे काम बारीक कणांना एकत्र आणण्याचे, पण मात्रा जास्त झाली की सगळ्या कणांवर एकाच जातीचा विद्युतभार चढतो, ते एकमेकांना ढकलतात आणि तरंगतच राहतात. वर वाळू चिकट होते ती वेगळीच. इतक्या छोट्या पुलात 2 लिटर ओतणाऱ्याने लेबल वाचलेले नसते, किंवा वाचून ओतलेले असते.

निळे शेवाळनाशक म्हणजे तांबे. 7 टक्के तांब्याचे 1 लिटर या पाण्यात गेले म्हणजे जवळजवळ 1.5 पीपीएम. 0.3 च्या वर गेले की डागांची भीती सुरू होते. पीएच चढला की तांबे भिंतीवर बसते, हिरवट-निळे ते काळे डाग पडतात, फिक्या केसांना हिरवी झाक येते. आणि पाणी पारदर्शक असूनही हिरवे दिसू लागते. त्यालाच ‘अजून शेवाळ आहे’ म्हणून पुन्हा विकायला हे मोकळे. फरक ओळखायला पारदर्शक बरणीत पाणी भरून रात्रभर ठेवा. तळाला गाळ बसला तर शेवाळ किंवा धूळ. पाणी नितळ राहून रंग तसाच राहिला तर धातू.

‘अल्कलिनिटी प्लस’ म्हणजे खाण्याचा सोडा. सोडियम बायकार्बोनेट, दुसरे काहीही नाही. 45,000 लिटरला अल्कलिनिटी (पाण्याचा पीएच स्थिर धरायची क्षमता) 10 पीपीएमने वाढवायला साधारण 760 ग्रॅम लागतो. डब्यावरचे मोठे नाव वाचू नका, मागच्या बाजूला घटक आणि टक्केवारी वाचा. ‘शॉक’ या एका शब्दाखाली 65 टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट मिळते, 48 टक्क्यांचे मिळते, डायक्लोर मिळते आणि ज्यात क्लोरीन अजिबात नाही असे मोनोपरसल्फेटही मिळते.

आणि वाळू. 150 किलो, म्हणजे 25 किलोच्या 6 गोण्या. जुनी वाळू ओली असते, म्हणजे आणखी जड. मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (दांडा फिरवून पाण्याची वाट बदलणारी झडप) सोडवायचा, टाकीत हात घालून जुनी वाळू काढायची, तळातल्या पाइपांच्या फांद्या न मोडता नवी भरायची, धूळ जाईपर्यंत बॅकवॉश (वाळूतून पाणी उलटे सोडून मळ बाहेर काढणे) आणि मग रिन्स (सरळ पाण्याने वाळू धुणे) द्यायचे. हे सगळे म्हणे 40 मिनिटांत झाले. रिकामी गोणी एकही नाही, काढलेल्या वाळूचा ढीग नाही, व्हॉल्व्हच्या पट्ट्याच्या स्क्रूवरचा गंज जसाच्या तसा. वाळू बदललीच नव्हती. बदलायची गरजही नव्हती, चांगली सिलिका वाळू 5 ते 7 वर्षे चालते. वाळू बदलायला कोणी येणार असेल तर भरलेल्या गोण्या आधी मोजा, रिकाम्या नंतर मोजा आणि जुनी वाळू डोळ्यांनी पाहा.

त्याहून चीड आणणारी गोष्ट व्हॉल्व्हवर होती. दांडा ‘फिल्टर’वर नव्हता, ‘रिसर्क्युलेट’वर होता. पंप घरघरत होता, पाणी फिरत होते आणि वाळूला न शिवता पुलात परत येत होते. प्रेशर गेज 4 पीएसआय दाखवत होते, स्वच्छ फिल्टरवर ते 12 असायचे. पाणी गढूळ राहत असेल तर एक पैसाही खर्च करण्याआधी दांडा आणि गेज पाहा. दांडा बरोबर असूनही पाणी निवळत नसेल तर व्हॉल्व्हमधले चाकासारखे रबरी गॅस्केट झिजलेले असू शकते, तेव्हाही पाणी वाळूला टाळून जाते. बॅकवॉश कधी? स्वच्छ प्रेशरपेक्षा 8 ते 10 पीएसआय वाढल्यावर. रोज बॅकवॉश करून दाखवणारा फक्त पाणी वाया घालवत असतो, कारण किंचित मळलेली वाळू उलट जास्त चांगली गाळते.

तक्रारीचे काय झाले तेही वाचा. ग्राहक तक्रार विभागाने विचारले, माल नकली होता का? नाही. वजन कमी होते का? नाही. पावती आहे ना? आहे. मग फसवणूक कशात? अस्सल माल चौपट मात्रेत ओतून पाणी बिघडवणे आणि त्या बिघाडावर पुढचा माल विकणे हीच फसवणूक, हे लेखी, आकड्यांसह दिले. उत्तर आले की पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल जोडा. प्रयोगशाळा म्हणते, आम्ही पिण्याच्या पाण्याच्या चाचण्या करतो, सायन्यूरिक अ‍ॅसिड आमच्या यादीत नाही. आरोग्य विभाग म्हणतो, खासगी पूल आमच्या कक्षेत नाही. पोलीस म्हणतात, हा दिवाणी वाद. वाळूचे तरी? ती तर सरळ चोरी आहे, न केलेल्या कामाचे पैसे. त्यावर म्हणाले, वाळू टाकीच्या आत आहे, जुनी की नवी हे आम्ही कसे ठरवणार? टाकीचे झाकण उघडून बघायला एकजणही आला नाही. माल बनवणाऱ्या कंपनीने मात्रेचा तक्ता पाठवला, म्हणजे जो तक्ता ठेकेदाराने पाळला नाही तोच तक्रारदाराच्या हातात ठेवला. प्रत्येक खिडकीवर माणूस बसलेला आहे आणि प्रत्येकाला आपली खिडकी ही नव्हे एवढेच पाठ आहे. पुलाच्या पाण्यात कोण काय ओततो यावर यांच्यापैकी कोणाचेच लक्ष नाही, आणि हे त्या ठेकेदाराला आपल्या सगळ्यांपेक्षा आधी माहीत होते.

म्हणून पुरावा तुम्हीच जमवा. काम सुरू होण्याआधी पीएच, क्लोरीन, स्टॅबिलायझर, अल्कलिनिटी आणि तांबे यांचे आकडे दोघांच्या सह्यांनी कागदावर घ्या. प्रत्येक डबा ओतण्याआधी त्याच्या मागच्या लेबलाचा फोटो काढा. प्रत्येक फेरीनंतर बाटलीभर पाणी तारीख लिहून अंधारात ठेवा. क्लोरीन त्यातून उडून जाईल, पण स्टॅबिलायझर आणि तांबे टिकतील.

असे बिघडलेले पाणी सुधारायला एकच उपाय आहे. स्टॅबिलायझर 155 वरून 40 वर आणायचे तर पाऊण पाणी, म्हणजे सुमारे 33,500 लिटर, बदलावे लागते. जास्त तांबेही त्याबरोबर बरेचसे जाते. कोणतीही पावडर हे काम भरवशाने करत नाही. पण पूल एकदम उपसू नका: जमिनीखाली पाणी वर असेल तर रिकामा फायबरग्लासचा पूल वर उचलला जातो आणि प्लास्टिकच्या अस्तराचा पूल असेल तर ते अस्तर (लाइनर) सुटते. टप्प्याटप्प्याने काढा, भरा, दर वेळी मोजा; असे केले की नवे पाणी जुन्यात मिसळते, म्हणून एकूण पाणी वरच्या आकड्यापेक्षा जास्त लागते. मग पीएच 7.2 वर आणा, क्लोरीन 16 वर न्या, पंप अखंड चालू ठेवा, भिंती, पायऱ्या आणि शिडीच्या मागचा भाग रोज ब्रशने घासा. तळाचा गाळ व्हॅक्यूम करताना दांडा ‘वेस्ट’वर ठेवा, म्हणजे पाणी फिल्टरमध्ये न जाता थेट बाहेर जाते. तुरटीने गाळ बसवला असेल तर हे अजिबात चुकवू नका, तो लगदा फिल्टरमध्ये गेला तर वाळू गच्च होते. थांबायचे केव्हा? पाणी नितळ, बद्ध क्लोरीन (घाणीशी जोडले जाऊन निकामी झालेले) 0.5 पीपीएमच्या खाली, आणि सूर्यास्तानंतर मोजलेले क्लोरीन सूर्योदयापूर्वी 1 पीपीएमपेक्षा जास्त उतरलेले नाही. तिन्ही एकदम जुळले तरच. एक जरी राहिले तरी शेवाळ जिवंत असू शकते आणि आठवड्याभरात परत दिसू शकते.

आणखी एक गोष्ट, आणि ही आजच तपासा. ठेकेदाराने उरलेल्या ट्रायक्लोर गोळ्या आणि घरातली कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडर एकाच बादलीत, एकाच मापट्यासह ठेवून दिली होती. हे दोन्ही ‘क्लोरीन’च, पण एकमेकांत मिसळून थोडी ओल लागली तरी विषारी वायू सुटतो, आग लागते, स्फोटही होतो. क्लोरीन हळूहळू पाण्यात सोडणाऱ्या फ्लोटरमध्ये किंवा फीडरमध्येही एकानंतर दुसरे घालू नका. तुमच्या पंपाच्या खोलीत असे डबे शेजारी दिसले तर वेगवेगळ्या कोरड्या, हवेशीर जागी हलवा, मापटी वेगळी करा. एकत्र झालेली बादली दिसली तर झाकण घट्ट लावू नका, तिच्यात पाणी ओतू नका, लांब व्हा आणि अग्निशमन दलाला बोलवा.