पार्ले पूर्वेत पहिले भाड्याचे घर : एका स्थानिक एजंटच्या सेवेविषयी

विलेपार्ले पूर्वेला एकट्याने राहण्यासाठी पहिले घर शोधणाऱ्या नोकरदार माणसाने एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून मोजावे का, असे मला गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी विचारले. ज्या एजंटमार्फत मला घर मिळाले, त्याच्या सेवेचा अनुभव पाहता माझे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र त्या एजंटला नुसती रिकामी घरे माहीत असून भागत नाही, त्याला त्या इमारतींची अंडीपिल्ली ठाऊक असावी लागतात. हा एजंट पार्ल्यातच राहणारा, एका लहानशा गाळ्यातून एकट्याने काम करणारा आहे. तो खासगी व्यक्ती असल्यामुळे त्याचे नाव देत नाही. सेवा कशी होती, तेवढेच लिहिते.

पार्ले पूर्व महाग का, हे वेगळे सांगायला नको. स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर, दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आणि लोकमान्य सेवा संघ हाकेच्या अंतरावर, शाळा-महाविद्यालये जवळ आणि अंधेरीतील कार्यालये एका स्थानकावर, अशा ठिकाणी नव्या इमारतीतील वन बीएचकेसाठी मला पन्नास हजारांच्या पुढचेच आकडे ऐकू येत होते. तरीही याच भागात त्याच्या निम्म्याच्या आसपास भाड्याची घरे शिल्लक आहेत आणि त्याचे एक मोठे कारण शेजारच्या विमानतळात आहे. विमानांच्या मार्गाखालील फनेल झोनमध्ये इमारतींच्या उंचीवर मर्यादा असल्यामुळे येथील कितीतरी सोसायट्यांचा पुनर्विकास विकासकांना परवडेनासा झाला आणि वर्षानुवर्षे रखडला. त्यामुळे लिफ्ट नसलेल्या, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या जुन्या इमारती अजून उभ्या आहेत. पहिले घर शोधणाऱ्याने पाहायची ती याच इमारतींतील वरच्या मजल्यांवरची घरे. वयस्कर लोक ती टाळतात, कुटुंबांना ती अपुरी पडतात, आणि म्हणूनच तेथे मालक भाडे थोडे खाली आणायला तयार असतो.

मात्र अशी घरे संकेतस्थळांवर क्वचितच दिसतात. एका मोठ्या संकेतस्थळावर ‘थेट मालकाकडून’ अशी जाहिरात पाहून मी फोन करत असे, तेव्हा पलीकडे बहुतेक वेळा एजंटच निघे आणि जाहिरातीतील घर नेमके त्याच सकाळी गेलेले असे. स्थानिक एजंटचे तसे नव्हते. त्याने घर दाखवण्यापूर्वीच माझा पगार, कार्यालयाची वेळ आणि डिपॉझिटसाठी हाताशी असलेली रक्कम विचारून घेतली आणि त्यात न बसणारे एकही घर दाखवले नाही. या एका गोष्टीसाठी मी त्याला पूर्ण गुण देते.

त्याची खरी कसोटी प्रत्यक्ष घर पाहताना लागली. ‘ताई, जागा बघायची तर पाण्याच्या वेळेला बघा,’ असे सांगून त्याने मला सकाळी लवकर बोलावले, मोरीतला आणि स्वयंपाकघरातला असे दोन्ही नळ एकदम सोडले आणि धार किती बारीक होते ते दाखवले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात छताच्या एकाच कोपऱ्याला ताजा रंग होता. त्याने स्टुलावर चढून तेथे बोटाच्या पेराने ठोकले, पोकळ आवाज आला, आणि मालकाच्या देखतच ‘हे घर पावसाळ्यात गळणार’ असे त्याने स्वच्छ सांगितले. ते घर मी घेतले असते तर त्याची दलाली त्याच दिवशी पक्की झाली असती, याची जाणीव मला तेव्हाही होती.

जुन्या इमारतीत घर घेताना आणखी एक चौकशी अत्यावश्यक आहे आणि तीही त्यानेच करून दिली. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, करून घेणे बंधनकारक आहे आणि त्यानुसार इमारतीचा वर्ग ठरतो. सी-1 म्हणजे राहण्यास धोकादायक, रिकामी करावयाची इमारत. सी-2 मध्ये मोठी दुरुस्ती लागते आणि सी-3 मध्ये किरकोळ. त्याने सोसायटीच्या सेक्रेटरींकडून ऑडिटचा अहवाल मागवून मला वाचायला दिला आणि पुनर्विकासाची बोलणी कुठवर आली आहेत तेही विचारले. बोलणी पुढे सरकलेली असतील तर करार संपण्याआधीच घर सोडावे लागण्याची शक्यता असते, म्हणून तसे झाल्यास दोन महिन्यांची पूर्वसूचना आणि पूर्ण डिपॉझिटची परतफेड, अशी अट त्याने करारात घालून घेतली. नवख्या भाडेकरूला ही अट सुचणे अवघड आहे.

आता पैशांचा हिशेब. मी घेतलेले घर वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर; भाडे 28,000 रुपये, डिपॉझिट एक लाख, करार अकरा महिन्यांचा. अशा ठरावीक मुदतीच्या भाडेकराराला लिव्ह अँड लायसन्स म्हणतात आणि त्यावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 0.25 टक्के आहे. ते मुदतीच्या एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या दरसाल दहा टक्के दराने धरलेल्या व्याजावर आकारले जाते. या घराचे ते जेमतेम आठशे रुपये होते. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000 रुपये. म्हणजे सरकारजमा होणारी मुख्य रक्कम दोन हजारांच्या आत आहे. करारासाठी कोणी सहा-सात हजार मागितले तर उरलेले पैसे कशाचे, हे अवश्य विचारावे. या एजंटने पावत्या दाखवून हिशेब दिला आणि आधारवरील अंगठ्याच्या ठशासह सगळी नोंदणी घरबसल्या करून दिली. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोटरीवर भागवू म्हणणाऱ्या मालकाचे घर, कितीही स्वस्त असले तरी, घेऊ नये.

काही बाबतींत ही सेवा उणी पडली. ‘बॅचलर चालणार नाही’ म्हणणाऱ्या सोसायट्यांशी हा एजंट वाद घालत नाही, त्या यादीतूनच काढून टाकतो. त्यामुळे माझा वेळ वाचला, पण एकट्या राहणाऱ्या बाईसमोरचे पर्याय किती आक्रसतात, हे मला फार उशिरा कळले. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाहीत, हे त्याला ठाऊक होते. तरीही ते मालकाने भरावेत असा आग्रह त्याने धरला नाही, तो मलाच धरावा लागला. शिवाय कराराच्या नूतनीकरणाला तो पुन्हा अर्ध्या महिन्याच्या भाड्याएवढी दलाली मागतो. दुसऱ्या वर्षी त्याला घर शोधावे लागत नाही, मालकाशी बोलणे माझे मलाच करता येते आणि ऑनलाइन नोंदणीही स्वतः करता येते, म्हणून ती दलाली मला अवाजवी वाटते. ती रक्कम पहिल्याच भेटीत, घर पसंत पडण्याआधी, बोलून कमी करून घ्यावी; एकदा सामान वर चढवले की घासाघीस करण्याची ताकद आपल्याकडे उरत नाही.