नवाहो अभिलेख : मेंढ्यांचा हिशेब चोख, मेंढपाळ मात्र दुसऱ्या दप्तरात

नवाहो या अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील मूळनिवासी समाजाच्या इतिहासाची मूळ साधने पाहू इच्छिणाऱ्याने अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या विनामूल्य ऑनलाइन सूचीतील १ जून १८६८ च्या तहापासून सुरुवात करावी. सैन्याने १८६४ पासून हाकलत नेऊन न्यू मेक्सिकोतील बॉस्क रेडोंडोच्या छावणीत डांबलेल्या हजारो नवाहोंना या तहामुळे मायभूमीत परतता आले. प्रतिमा उत्तम आहेत. मोठ्या करून पाहिल्यास बार्बोन्सितो, मॅन्युएलितो या नवाहो नेत्यांच्या नावांशेजारच्या, सहीऐवजी केलेल्या फुल्या स्पष्ट दिसतात. (तहाची आणखी एक मूळ प्रत सरकारतर्फे वाटाघाटी करणारे सॅम्युअल टॅपन यांच्या घराण्यात होती, ती २०१९ मध्ये नवाहोंच्या स्वशासित प्रदेशाच्या, म्हणजे नवाहो नेशनच्या, विंडो रॉक या राजधानीतील नवाहो नेशन संग्रहालयाला मिळाली.)

या तहाचे बारावे कलम सावकाश वाचण्याजोगे आहे, कारण त्यात ३०,००० डॉलरच्या मर्यादेत १५,००० मेंढ्या-शेळ्या विकत घेऊन देण्याची तरतूद आहे आणि पुढे १९३० च्या दशकात, अतिचराईने जमिनीची धूप होते या कारणासाठी, याच सरकारने नवाहोंचे कळप सक्तीने कमी केले. त्या मोहिमेचे कागद इंडियन अफेअर्स या मूळनिवासींचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागारातील ७५ क्रमांकाच्या अभिलेखगटात आहेत. चराईच्या दृष्टीने एक घोडा म्हणजे पाच मेंढ्या, एक गाय म्हणजे चार, असा हिशेब मांडणारी ही कागदपत्रे जनावरांबाबत काटेकोर आहेत. परंतु नवाहो समाजात कळपांची मालकी मोठ्या प्रमाणावर स्त्रियांकडे असताना चराईचे परवाने मुख्यतः पुरुषांना कुटुंबप्रमुख मानून दिले गेले, ही गोष्ट निव्वळ आकड्यांवरून वाचकाच्या लक्षात येणार नाही.

शोधाची सोय मात्र बेताचीच म्हणावी लागेल. दप्तरे ज्या कचेरीने तयार केली तिच्या नावाने लावलेली आहेत आणि १९३५ मध्ये विंडो रॉक येथे एकच कचेरी होईपर्यंत नवाहो प्रदेशाचा कारभार सहा कचेऱ्यांत विभागलेला होता. त्यामुळे केवळ ‘नवाहो’ असा शोध घेऊन भागत नाही. शिपरॉक, क्राउनपॉइंट, ल्यूप, ट्यूबा सिटी अशी ठिकाणांची नावेही घालून पाहावी लागतात. नवख्या अभ्यासकाचा उत्साह इथेच मावळतो.

सरकारी कागदांतली उणीव डोरिस ड्यूक मौखिक इतिहास प्रकल्पात मूळनिवासींच्या घेतलेल्या मुलाखती बऱ्याच अंशी भरून काढतात. १९६६ ते १९७२ या काळातील या प्रकल्पाचे नवाहो साहित्य यूटा आणि न्यू मेक्सिको विद्यापीठांच्या संग्रहांत आहे. माझ्या मते सरकारी दप्तर आणि या मुलाखती शेजारी शेजारी ठेवूनच वाचाव्यात. नुसत्या दप्तरावर लिहिलेला इतिहास हा अधिकाऱ्यांचाच इतिहास होतो.

विधींशी संबंधित साहित्य काही संस्थांत सर्वांसाठी खुले नसते, याबद्दल काही अभ्यासक कुरकुर करतात. मला ती कुरकुर पटत नाही. अनेक पवित्र कथा केवळ हिवाळ्यातच सांगाव्यात असा ज्या समाजाचा दंडक आहे, त्याच्या ध्वनिफिती वर्षभर कोणालाही ऐकू देणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य ठरत नाही. मूळनिवासी अभिलेखांच्या हाताळणीची तत्त्वे २००६ मध्ये तयार झाली आणि अमेरिकेतील अभिलेखपालांच्या संघटनेने त्यांना २०१८ मध्ये मान्यता दिली. हा उशीर खरा कुरकुर करण्याजोगा आहे. प्रत्यक्ष नवाहो भूमीवर जाऊन मुलाखती घ्यायच्या असतील तर नवाहो नेशनच्या वारसा जतन विभागाचा परवाना लागतो, तेव्हा तो अर्ज प्रवासाची तिकिटे काढण्यापूर्वी करावा.