गावातली चर्चची शाळा की शहरातली काउन्सिलची?

इंग्लंडमध्ये गावाकडे घर घेतलं की मुलाच्या चौथ्या वर्षी हा प्रश्न समोर येतोच. पायी जाण्याच्या अंतरावर चर्च ऑफ इंग्लंडची छोटी प्राथमिक शाळा, आणि गाडीने पंधरावीस मिनिटांवर शहरातली मोठी काउन्सिलची, म्हणजे स्थानिक प्रशासनाची शाळा. माझी मुलगी पहिल्या प्रकारच्या शाळेत जाते, बहिणीचा मुलगा दुसऱ्या. दोन्हीकडचं रोजचं बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्या लोकांची पहिली शंका धर्माची. तिथे रोज प्रार्थना करायला लावतील का? रोजची सामूहिक उपासना इंग्लंडमधल्या सगळ्याच सरकारी खर्चाच्या शाळांना १९४४ पासून कायद्याने बंधनकारक आहे, आणि १९८८च्या कायद्यानुसार काउन्सिलच्या शाळेतही ती मुख्यतः ख्रिस्ती वळणाची असायला हवी. फरक पडतो तो मनापासून करण्यात. भाच्याच्या शाळेत असेंब्ली म्हणजे सूचना, वाढदिवस आणि मैत्रीवर चार शब्द. मुलीच्या शाळेत मेणबत्ती लावतात, येशूची एखादी गोष्ट होते, गाणं होतं आणि शेवटी बाई सांगतात, ज्यांना वाटेल त्यांनी 'आमेन' म्हणा, बाकीच्यांनी शांत बसा. तरीही नको असेल तर मुलाला उपासनेतून आणि धर्मशिक्षणाच्या तासातून बाहेर ठेवायचा हक्क आईवडिलांना दोन्हीकडे आहे, आणि कारण द्यावं लागत नाही. आम्ही तो वापरला नाही. घरी देवापुढे हात जोडणाऱ्या मुलीला चर्चमध्ये शांत बसायला काहीच जड गेलं नाही.

त्यापेक्षा आधी बघायची गोष्ट वेगळी आहे. चर्चची शाळा 'व्हॉलंटरी एडेड' आहे की 'व्हॉलंटरी कंट्रोल्ड'? एडेड शाळेत प्रवेशाचे नियम शाळेचं नियामक मंडळ ठरवतं, त्यात चर्चने नेमलेल्यांचं बहुमत असतं, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर नियमित चर्चला जाणाऱ्या कुटुंबांना आधी घेता येतं. त्यासाठी वेगळा फॉर्म आणि व्हिकरची, म्हणजे तिथल्या चर्चच्या धर्मगुरूंची सही लागू शकते. कंट्रोल्ड शाळेत प्रवेश साधारणपणे काउन्सिलकडे असतो आणि धर्मशिक्षणही स्थानिक अभ्यासक्रमाप्रमाणे होतं, म्हणजे हिंदू, मुस्लिम, शीख सगळं येतं. काही शाळा आता अकॅडमी झाल्यात, म्हणजे काउन्सिलच्या हाताबाहेर, थेट सरकारी पैशावर चालणाऱ्या. त्यांचे नियम वेबसाइटवरच वाचा.

मूल्यांच्या पाट्या हल्ली सगळ्याच शाळांच्या भिंतींवर असतात. चर्चच्या शाळेत मात्र ती पाळली जातात का हे बघायला ऑफस्टेड या सरकारी शाळा-तपासणी संस्थेशिवाय चर्चचे स्वतंत्र निरीक्षकही येतात. मला ते मैदानावर दिसलं. दोन मुलांची ढकलाढकली झाली की नुसतं 'सॉरी म्हण' नाही. दोघांना बाकावर बसवून आधी एकाचं, मग दुसऱ्याचं पूर्ण ऐकतात आणि पुढे काय करायचं ते त्यांनाच ठरवायला लावतात. बाईंना हा वेळ मिळतो कारण मुलं कमी आहेत. भाच्याच्या शाळेतल्या बाईही तितक्याच मायाळू आहेत, पण वर्गात तीस मुलं. पहिल्या तीन वर्षांत तीस ही कायद्याचीच मर्यादा आहे.

कमी मुलांची दुसरी बाजूही आहे. गावात दोनतीन इयत्ता एका वर्गात बसतात, आपल्याकडच्या द्विशिक्षकी शाळेसारख्या. मुलगी मोठ्यांचं ऐकून पुढचं शिकते, हा फायदाच. पण तिच्या इयत्तेत मुली मोजक्या, आणि त्यातल्या एकीशी बिनसलं की दुसरी मैत्रीण कुठून आणायची? निकालही जपून वाचा. सहावीत आठच मुलं असतील तर एका मुलाने साडेबारा टक्के खालीवर होतात. पैसा मुलांच्या संख्येवर मिळतो, म्हणून पट घसरणारी छोटी शाळा अडचणीत येते. मागच्या काही वर्षांचा पट बिनधास्त विचारा.

भाच्याची शाळा एका बाबतीत खूप पुढे आहे. त्याच्या वर्गात तमिळ, पोलिश, सोमाली मुलं आहेत आणि दिवाळी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. माझी मुलगी वर्गात एकटीच भारतीय. शाळेने बोलावलं म्हणून मी पणत्या आणि शंकरपाळे घेऊन गेले, मुलांनी मातीच्या पणत्या रंगवल्या. डिसेंबरात तिने चर्चमध्ये ख्रिस्टिंगल केलं. संत्र्याभोवती लाल फीत, चार काड्यांना मनुका टोचलेल्या आणि मधोमध मेणबत्ती. दोन्ही तिने सारख्याच उत्साहाने आजीला व्हिडिओवर दाखवलं. पण आपल्यासारखं दिसणारं कोणीतरी वर्गात असण्याची गरज मुलाला वयानुसार वाढते, हे मी हलकं घेणार नाही.

जेवणाचं सोपं आहे, पहिली तीन वर्षं दोन्हीकडे मोफत. प्रवासाचं नाही. आठ वर्षांखालच्या मुलाला मोफत वाहतूक मिळते ती जवळची योग्य शाळा दोन मैलांपलीकडे असेल तर. गावातली सोडून शहरातली निवडली तर रोजची ने-आण तुमच्याच गळ्यात.

दोघांची नोकरी असेल आणि गावातल्या शाळेत शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळणारा संध्याकाळचा क्लब नसेल, तर मी शहरातली निवडेन. नाहीतर, पट टिकून असेल तर, पहिल्या क्रमांकावर गावातली. अर्ज आपल्या काउन्सिलकडे १५ जानेवारीपर्यंत जातो, निकाल १६ एप्रिलला. दुसऱ्या क्रमांकावर शहरातली टाकल्याने तिथली संधी कमी होत नाही, त्यामुळे दोन्ही नावं लिहा. आणि त्याआधी शाळा चालू असताना, दुपारच्या सुट्टीच्या वेळी, एकदा जाऊन या.