'एन्ट नो सनशाईन': अर्धवट राहिलं तेच बरं झालं

अमेरिकन गायक बिल विदर्सचं हे गाणं जेमतेम दोन मिनिटांचं आहे. सुरुवातीला वाद्यांची नांदी नाही, रेकॉर्डवर सुई टेकली की थेट आवाज. प्रेयसी नसली की ऊन नाही, एवढंच तो सांगतो. आपल्याकडे ऊन म्हटलं की आधी सावली आठवते. विदर्सचा जन्म मात्र वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ, कोळसाखाणींच्या मुलखातला. तिथल्या थंडीतलं ऊन डोळ्यांपुढे आणा, मग त्या ओळीचं वजन कळेल.

1971 सालच्या 'जस्ट ॲज आय ॲम' या त्याच्या पहिल्याच अल्बममध्ये हे गाणं आलं. तेव्हा तो विमानातल्या शौचालयांच्या सीट बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. मुखपृष्ठावर हातात डबा घेऊन उभा आहे तो त्याच वेषात. निर्माता बुकर टी. जोन्स, बास गिटारवर डक डन, ड्रमवर अल जॅक्सन. ही अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातली मुरलेली वादक मंडळी, पण इथे कुणीही आपली करामत दाखवत नाही. व्हायोलिनांचा ताफासुद्धा गाण्यात उशिरा शिरतो आणि आवाजाच्या मागेच राहतो.

गाण्याचा प्राण मधल्या भागात आहे. तिथे विदर्स 'आय नो' (मला कळतं) हे दोनच शब्द 26 वेळा म्हणतो. त्या जागी तो पुढे आणखी शब्द लिहिणार होता, पण साथीदारांनी आहे तसंच ठेवायला सांगितलं. केवढा योग्य सल्ला! या मुलीचा नाद सोडायला हवा, हे त्याला कळतं. कळतं, कळतं म्हणत राहतो आणि पुढच्या कडव्यात पुन्हा तिच्याच आठवणीत जातो. 1962च्या 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस' या चित्रपटातल्या दारूत बुडालेल्या जोडप्यावरून हे गाणं सुचल्याचं विदर्सने सांगितलं होतं. ते माहीत असलं की ही घोकणी व्यसनी माणसाची वाटू लागते.

वाजवायला चारच कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) लागतात: ए मायनर, ई मायनर, जी आणि डी मायनर. कडवं आठ बारांचं, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या आठ गटांचं. पहिल्या दोन ओळी ए मायनरवर, तिसरी ई मायनरवर, चौथी डी मायनरवर, मग परत घरी, ए मायनरवर. ओळ संपली की ई मायनर, जी, ए मायनर असं छोटं वळण येतं. बिघडतं ते इथेच: ओळींमधली शांतता गिटारवाल्यांना सोसवत नाही, ते ती भरून काढतात. 'आय नो'ला गायक घाई करतात, श्वास भलतीकडे तुटतो आणि मोजणी चुकते. त्या भागात इतर वाद्यं थांबतात, आधाराला फक्त ड्रम उरतात. म्हणून आधी नुसत्या टाळीवर 26 मोजून म्हणा. लय मिनिटाला 80 ठोक्यांच्या आत ठेवा. जोर दर वेळी ठोक्यावरच देऊ नका, मूळ गाण्यात तो सरकत राहतो.

जुनी रेकॉर्ड घेत असाल तर पहिल्या बाजूचं हे दुसरं गाणं वाजवून बघाच, आणि नेमका हाच भाग ऐका. मागे ड्रमखेरीज वाद्यं नसल्यामुळे प्रत्येक ओरखडा, प्रत्येक चरचर उघडी पडते. इथे रेकॉर्ड स्वच्छ वाजली तर निर्धास्त घ्या. सिंगलवर, म्हणजे दोनच गाण्यांच्या छोट्या तबकडीवर, हे गाणं त्याच्याच 'हार्लेम' या गाण्याच्या मागच्या बाजूला होतं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटली आणि ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. तरी घ्यायचा तर अल्बमच घ्या, कारण यानंतर लगेच त्याचं 'ग्रँडमाज हँड्स' हे गाणं येतं.