एडीएमटी ३.२ : अकाउंट हलतात, पण डेस्कटॉपचं काय?

फुकट आहे, जुनं आहे, तरी जुन्या डोमेनमधून (म्हणजे कंपनीच्या विंडोज नेटवर्कमधली अकाउंट आणि मशीन एकत्र सांभाळणारी व्यवस्था) नव्या डोमेनमध्ये युजर न्यायचे म्हटलं की पहिलं नाव मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरी मायग्रेशन टूलचंच, म्हणजे एडीएमटीचंच निघतं. व्हर्जन ३.२ आलं २०१० मध्ये, २०१४ ला विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पुरती डागडुजी झाली आणि त्यानंतर गाडी जिथल्या तिथे उभी. नव्या सर्व्हरवर चालवून घेणारे घेतात, पण अडलं तर वाली कोणी नाही हे धरून चाला.

टूलचं मुख्य काम आहे एसआयडी हिस्टरी, म्हणजे अकाउंटचा जुना ओळख क्रमांक (एसआयडी) सोबत नेणं, आणि खरं सांगायचं तर त्यासाठीच ते वापरायचं, नाहीतर नुसते युजर बनवायला पॉवरशेलच्या चार ओळी पुरतात. फोल्डरवरच्या परमिशन नावावर नसतात, एसआयडीवर असतात, नव्या डोमेनमध्ये अकाउंटला नवा एसआयडी मिळतो, म्हणजे नाव तेच असलं तरी फाइल सर्व्हर त्या माणसाला ओळखतच नाही. एडीएमटी जुना एसआयडी नव्या अकाउंटला चिकटवून देतं आणि जुने शेअर उघडत राहतात. हे एकदा नीट झालं की सोमवारी सकाळी फोन वाजत नाही.

पण ते नीट होण्याआधी जो पूर्वतयारीचा डोंगर आहे ना, तो बघून घ्या. दोन्हीकडे अकाउंट मॅनेजमेंटचं ऑडिटिंग चालू हवं, जुन्या डोमेनमध्ये एक लोकल ग्रुप हवा ज्याचं नाव म्हणजे डोमेनचं नेटबायोस नाव (डोमेनचं छोटं नाव) आणि पुढे तीन डॉलरची चिन्हं, आणि हा ग्रुप रिकामाच ठेवायचा, कोणी "रिकामा कशाला" म्हणून त्यात एखादा मेंबर टाकला की एसआयडी हिस्टरी जाणार नाही. त्यात ट्रस्टवर (दोन डोमेननी एकमेकांची अकाउंट मानायचं नातं) एसआयडी फिल्टरिंग असतं, म्हणजे परके एसआयडी वाटेतच गाळले जातात. फॉरेस्ट ट्रस्ट (फॉरेस्ट म्हणजे डोमेनचा गट, अशा दोन गटांमधला ट्रस्ट) असेल तर नेटडॉम या कमांडने एसआयडी हिस्टरी चालू करावी लागते, नाहीतर विझार्ड सगळं हिरवं दाखवतो, ॲट्रिब्यूटमध्ये जुना एसआयडी दिसतोही, आणि शेअर उघडायला गेलं की ॲक्सेस डिनाइड! माणूस तासन्‌तास परमिशन तपासत बसतो, घोळ मात्र ट्रस्टवर असतो. काम झाल्यावर ही सूट परत बंद करायची, फिल्टरिंग ही सिक्युरिटीची भिंत आहे, उगाच पाडून ठेवू नका.

पासवर्डसाठी वेगळी सर्व्हिस आहे, पासवर्ड एक्सपोर्ट सर्व्हर, ती जुन्या डोमेन कंट्रोलरवर (डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरवर) बसवायची, आधी एडीएमटीच्या मशीनवर की फाइल बनवून ती तिकडे न्यायची, मग रीस्टार्ट. एलएसए प्रोटेक्शन (विंडोजचा लॉगिन सांभाळणारा भाग जपणारी सेटिंग) चालू असेल तर हे चालत नाही, आणि आजकाल ते चालू असायचीच शक्यता जास्त. शिवाय पासवर्ड हॅश म्हणून, म्हणजे मूळ शब्द न दिसणाऱ्या रूपात जातो, तो नव्या पॉलिसीत बसतो का हे टूलला कळतच नाही, म्हणून पुढच्या लॉगिनला बदला असा शिक्का मारून ठेवतं. माणसांसाठी ठीक आहे हो, पण बॅकअपच्या शेड्यूल्ड टास्कसाठी बनवलेल्या अकाउंटला कोण पासवर्ड बदलून देणार? असली अकाउंट वेगळी काढून तो टिक हाताने काढा.

आवडलं काय, तर वेगळ्या फॉरेस्टमध्ये नेताना अकाउंट कॉपी होतं, जुनं तसंच राहतं, त्यामुळे मागे फिरायला वाट असते. (एकाच फॉरेस्टच्या आत मात्र ते सरळ हलतं, तिथे जपून.) ग्रुप आधी, युजर नंतर असा क्रम ठेवला तर मेंबरशिपही आपोआप जुळते. मेल आणि प्रॉक्सी ॲड्रेस (जादाचे ईमेल पत्ते) ही ॲट्रिब्यूट मात्र मुळातच वगळलेली असतात, मेलबॉक्स असतील तर आधी हे बघा.

आता रडगाणं, म्हणजे डेस्कटॉप. मशीन नव्या डोमेनला जोडून प्रोफाइल (युजरच्या फाइल आणि सेटिंग) नव्या अकाउंटच्या नावावर करण्याचा विझार्ड आहे, तो मशीनवर एजंट (छोटा प्रोग्राम) पाठवून चालतो, त्याला ॲडमिन शेअर आणि उघडी फायरवॉल लागते, घरून व्हीपीएनवर असलेल्या लॅपटॉपपर्यंत तो कसा पोचणार? आणि विंडोज १० वर प्रोफाइल असं बदललं की स्टोअरचे ॲप आणि फाइल असोसिएशन बिघडू शकतात, ही जाहीर असलेली अडचण आहे, तुमच्या मशीनचा दोष नाही. ईएफएसने (विंडोजच्या स्वतःच्या फाइल एन्क्रिप्शनने) एन्क्रिप्ट केलेल्या फाइल असतील तर आधीच डिक्रिप्ट करून घ्या.

माझं मत असं की युजर, ग्रुप आणि फाइल सर्व्हरच्या परमिशन यासाठी एडीएमटी घ्या, पाचपैकी चार देईन. डेस्कटॉपसाठी दोनच. तिथे फॉरेन्सआयटीचं यूजर प्रोफाइल विझार्ड किंवा तसलं काहीतरी बघा, जे मशीनवरच चालतं. आणि फाइल सर्व्हरवर परमिशन बदलताना "रिप्लेस" निवडायची घाई करू नका, आधी "ॲड" करा, दोन्ही अकाउंट चालू राहतात, जुनी डोमेन बंद करायच्या आठवड्यात "रिमूव्ह" चालवा.