पिसांचं शटल की नायलॉनचं?
लेक आठ वर्षांची, आठवड्यातून चार दिवस बॅडमिंटन कोर्टावर. रॅकेट एकदाच घ्यायची. खिसा रिकामा करतं ते शटल. नायलॉनचं कित्येक दिवस टिकतं, पिसांचं जोरदार खेळात तासाभरात झडतं. म्हणून सर्व्हिस आणि फूटवर्क बसेपर्यंत नायलॉनच बरं, निळ्या पट्टीचं, मध्यम वेगाचं.

पण स्पर्धेत सहसा पिसांचंच येतं: १६ पिसं, वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. ते झपकन सुटतं, लगेच मंदावतं आणि जवळजवळ सरळ खाली येतं. नायलॉन तसं पडत नाही. त्यामुळे नायलॉनवर वाढलेलं पोर पहिल्या सामन्यात शटलखाली चुकीच्या जागी उभं राहतं, आणि आपण गॅलरीतून उगाच ओरडतो! माझ्या मते स्पर्धेआधी दोनेक महिने पिसांवर यावं. मोठ्यांच्या बॅचची वापरलेली शटलं मल्टिशटल सरावाला, म्हणजे एकामागून एक शटलं टाकून करतात त्या सरावाला, चालतात. मागायला लाजू नका.